तीन चकत्यांचा जबाब

पन्हाळ्याच्या तटावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या अंगावर एकाच वेळी निदान तीन जातींचे प्रारण पडत असते. पायाखालच्या दगडातले पोटॅशियम आणि युरेनियम-थोरियमची वंशावळ यांतून गॅमा किरण वर येतात. आकाशातून म्युऑन उतरतात. आणि वैश्विक किरण हवेतल्या अणुकेंद्रांवर आदळले की सुटतात ते न्यूट्रॉनही खाली पोचतात. दख्खनच्या काळ्या कातळात ही किरणोत्सारी मूलद्रव्ये ग्रॅनाइटच्या मानाने कमीच. पण त्यावरचा जांभा हा झिजून, धुऊन उरलेला थर, म्हणून थोरियमसारखी पाण्यात न विरघळणारी द्रव्ये त्यात थोडी साचतात. गडाची उंची हजार मीटरला जरा कमी. उंचीबरोबर म्युऑनपेक्षा न्यूट्रॉन झपाट्याने वाढतात, तेव्हा खालच्या कोल्हापुरापेक्षा त्यांचा वाटा इथे किंचित अधिक. मात्र दक्षिण भारतावर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची आडकाठी जगातल्या सर्वांत कडक पट्ट्यांपैकी आहे. तिने बरेचसे वैश्विक किरण आधीच परतवलेले असतात.

आकडे भीतीदायक नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीच्या २००० सालच्या अहवालात निसर्गातून माणसाला मिळणारी जागतिक सरासरी मात्रा वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट धरली आहे. त्यांतली वैश्विक किरणांची ०.३९ आणि त्यांतही न्यूट्रॉनांची ०.१०. तरी मोजायचे म्हटले की पंचाईत सुरू होते. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या के. एस. व्ही. नंबी आणि सहकाऱ्यांनी देशभर दोनशेहून अधिक ठिकाणी छोटे मापक ठेवून पार्श्वभूमीच्या प्रारणाची पाहणी केली आणि १९८७ मध्ये ती छापली. तसला मापक पन्हाळ्यावर टांगला, तर तो गॅमाची आणि म्युऑनची साक्ष देईल. न्यूट्रॉनांबद्दल जवळजवळ गप्प राहील. एकाच ठिकाणी, एकाच क्षणी जे अंगावर पडते, ते सगळे सांगणारा एक मापक नाही.

गडावर या गोष्टीने कोणाचे काही बिघडत नाही. पण ज्याचे रोजचे काम अशा मिश्र प्रारणात आहे, त्याच्या नावापुढे महिन्याच्या किंवा तिमाहीच्या शेवटी एक आकडा लिहिला जातो. त्या आकड्यावर त्याची पुढची नेमणूक, कधी आजाराचा दावा अवलंबून असतो. हा आकडा कशावरून काढला गेला, हे छापील साधनांतून बऱ्यापैकी उभे करता येते. त्यासाठी पन्हाळा सोडून तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला जावे लागते.

४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेत अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. तिचे इंधन ब्रिटनमधून आले होते. मग १० जुलै १९६० रोजी सायरस आणि १४ जानेवारी १९६१ रोजी झर्लिना. तीन अणुभट्ट्या सहा वर्षांच्या आत. भट्टीपाशी गॅमा एकटे कधीच नसतात. भट्टीतून बाहेर काढलेल्या प्रत्येक शलाकेत न्यूट्रॉनही असतात, मंद आणि वेगवान दोन्ही. १९६४ मध्ये प्लुटोनियमचा कारखाना चालू झाल्यावर आणखी एक मिश्रण आले. प्लुटोनियम-२४० आपोआप दुभंगून न्यूट्रॉन सोडते, आणि प्लुटोनियमचे ऑक्साइड असेल तर अल्फा कण ऑक्सिजनवर आदळून आणखी न्यूट्रॉन काढतात. शिवाय माल जुना होईल तसे प्लुटोनियम-२४१ मधून अमेरिशियम-२४१ तयार होत जाते आणि त्याचे ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे मऊ गॅमा वाढत जातात. म्हणजे तीच पेटी, तोच कामगार, पण पाच वर्षांनी प्रारणाचे मिश्रण वेगळे.

सुरुवातीचा मापक फिल्मचा होता, जगभर होता तसाच. बॅजच्या आत काळ्या कागदात गुंडाळलेली छोटी फिल्म, आणि धारकात वेगवेगळ्या जाडीच्या धातूंचे व प्लास्टिकचे तुकडे. कोणत्या तुकड्यामागे फिल्म किती काळी पडली, याची तुलना करून प्रारणाची जात ओळखायची. ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या धारकात एक विलक्षण जोडी होती: एका ठिकाणी कॅडमियम आणि शिसे, शेजारी तेवढ्याच जाडीचे कथील आणि शिसे. गॅमाला दोन्ही सारखेच अडवतात. पण कॅडमियम मंद न्यूट्रॉन गिळते आणि गिळताना स्वतः गॅमा सोडते. कॅडमियममागची फिल्म कथिलामागच्या फिल्मपेक्षा जास्त काळी दिसली, तर तेवढा फरक न्यूट्रॉनांचा. मला ही जुन्या प्रारणमापनातली सर्वांत देखणी युक्ती वाटते, कारण तिच्यात न्यूट्रॉन थेट दिसत नाही, दोन साक्षींतल्या तफावतीत दिसतो.

वेगवान न्यूट्रॉनांना ही युक्ती लागू नव्हती. त्यांच्यासाठी कोडॅकची एनटीए नावाची वेगळी फिल्म होती. तिच्यावर न्यूट्रॉनने उडवलेला प्रोटॉन एक सूक्ष्म रेघ ओढतो. सूक्ष्मदर्शकाखाली डोळा लावून अशा रेघा मोजायच्या. यात तीन उणिवा होत्या आणि तिन्ही त्या काळच्या शास्त्रीय लेखनात पुन्हा पुन्हा येतात. एक, ०.७ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासच्या खालच्या ऊर्जेचे न्यूट्रॉन रेघच ओढत नाहीत, आणि संरक्षक भिंतींमधून गाळून आलेले न्यूट्रॉन बऱ्याचदा तेवढेच मंदावलेले असतात. दोन, दमट हवेत रेघा काही आठवड्यांत विरतात. मुंबईच्या पावसाळ्याबद्दल वेगळे सांगायला नको. तीन, बरोबरचे गॅमा जास्त असले तर सगळी फिल्मच काळवंडते आणि रेघा तिच्यात बुडून जातात. मिश्र क्षेत्राची खरी अडचण ही: एक प्रारण दुसऱ्याची साक्ष झाकते. म्हणून त्या काळातल्या कागदावर न्यूट्रॉनच्या रकान्यात शून्य दिसले, तर त्याचा अर्थ 'या फिल्मला दिसण्याइतके नव्हते' एवढाच घ्यावा.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात फिल्मची जागा टीएलडीने, म्हणजे तापवल्यावर उजळणाऱ्या मापकाने, घेतली. रुग्णालयांतल्या क्ष-किरण विभागांत आजही लोक 'टीएलडी बॅज' असेच म्हणतात. त्याचा मूळ कागद सुदैवाने छापलेला आहे. १९८० मध्ये 'हेल्थ फिजिक्स' या नियतकालिकाच्या ३८ व्या खंडात के. जी. व्होरा आणि भाभा केंद्रातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी बॅजची रचना प्रसिद्ध केली. डिस्प्रोसियम किंचित मिसळलेले कॅल्शियम सल्फेट टेफ्लॉनमध्ये कालवून केलेल्या पातळ चकत्या. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर अशा तीन. पट्टीचा एक कोपरा कापलेला, म्हणजे ती उलटी बसूच नये. वरच्या धारकात पहिल्या चकतीसमोर एक मिलिमीटर तांबे आणि त्याच्या जोडीला ॲल्युमिनियम, दुसरीसमोर प्लास्टिक, तिसरीसमोर काहीच नाही. प्रारण पडले की स्फटिकातले इलेक्ट्रॉन सापळ्यांत अडकतात. यंत्रात चकती तापवली की ते सुटतात आणि त्यांच्यासोबत प्रकाश निघतो. त्या प्रकाशावरून मात्रा कळते.

तीन चकत्या का, याचे उत्तर पदार्थाच्या दोषात आहे. कॅल्शियम सल्फेटचा परिणामी अणुक्रमांक पंधराच्या घरात, माणसाच्या मांसपेशींचा साडेसातच्या आसपास. त्यामुळे ३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या मऊ क्ष-किरणांना ही चकती माणसाच्या अंगापेक्षा सुमारे दहापट जोरात प्रतिसाद देते. एकच चकती असती तर क्ष-किरण तंत्रज्ञाच्या नावावर दहापट मात्रा चढली असती. तिन्हींचे आकडे सारखे आले तर कठीण गॅमा. तांब्यामागची चकती मंद आणि प्लास्टिकमागची तेजस्वी, तर मऊ क्ष-किरण. उघडी चकती प्लास्टिकमागच्या चकतीच्या पुढे गेली, तर बीटा. गुणोत्तरांवरून जात ओळखायची आणि त्या जातीचा भाजक वापरून मात्रा काढायची.

जात एकच असेल तेव्हा हे सुरळीत चालते. मिश्रणाचे काय होते ते एका कल्पित हिशेबात पाहू. समजा, तांब्यामागे १, प्लास्टिकमागे ६ आणि उघड्यावर ६ असे वाचन आले. एक शक्यता अशी की माणसाला १ एकक कठीण गॅमा मिळाले, तिन्ही चकत्यांवर सारखे. आणि त्याखेरीज अर्धे एकक मऊ क्ष-किरण मिळाले, जे तांब्याने जवळपास पूर्ण अडवले आणि बाकीच्या दोन चकत्यांनी दहापट करून ५ दाखवले. बेरीज दीड. दुसरी शक्यता अशी की गॅमा नव्हतेच. ५५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे क्ष-किरण होते. त्यांतला थोडा भाग तांब्यातून आरपार जातो, म्हणून तांब्यामागेही १ दिसतो. आणि या ऊर्जेला चकती सुमारे नऊपट बोलते, म्हणून ६ चा खरा अर्थ पाऊण एककाहूनही कमी. तीच तीन वाचने, आणि मात्रा एकीत दुसरीच्या दुपटीपेक्षा जास्त. कोणती खरी, हे चकत्या सांगू शकत नाहीत. ते सांगतो माणूस कुठे काम करत होता याचा रकाना: कोबाल्टच्या खोलीत की क्ष-किरणांच्या, की दोन्हीकडे.

त्यामुळे मात्रेच्या नोंदीतला आकडा हे वाचन नसते, तो निवाडा असतो. आणि या निवाड्याचा पुरावा निवाडा देतानाच संपतो. चकती तापवली की तिच्यात साठलेली साक्ष निघून जाते, चकती पुन्हा वापरायला मोकळी होते. फिल्मचे तसे नव्हते. ती धुतलेली फिल्म पाकिटात ठेवली तर वीस वर्षांनी दुसऱ्या कोणी पुन्हा पाहू शकत असे, पहिल्याचा हिशेब चुकला म्हणू शकत असे. टीएलडीत खोल सापळ्यांमध्ये थोडे इलेक्ट्रॉन उरतात आणि अतिनील प्रकाश टाकून त्यांच्याकडून मोठ्या मात्रेचा पुन्हा अंदाज घेता येतो, पण नेहमीच्या किरकोळ मात्रांसाठी तो उपाय नाही. फिल्मपेक्षा टीएलडी दमट हवेत टिकाऊ, परदेशातून मागवायला न लागणारी आणि अचूक ठरली. कामगाराच्या दृष्टीने बदल योग्यच होता. इतिहासकाराच्या दृष्टीने मात्र त्या दशकात एक पुराभिलेखागार बंद झाले. पुढचे सगळे आकड्यांवर.

आकड्यांचेही एकक स्थिर नाही. इथे पन्हाळ्याचा एक जुना हिशेब आठवतो. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने साठ मावळ्यांनिशी हा गड घेतला, त्या मोहिमेत अण्णाजी दत्तो होते. जमिनीच्या मोजणीची आणि धाऱ्याची व्यवस्था लावणारे तेच. पाच हात पाच मुठींची काठी आणि वीस काठी चौरसाचा बिघा, असे मान सभासदाच्या बखरीत आहे. पण त्याआधीच्या किंवा शेजारच्या मुलखातल्या कागदात 'बिघा' आला, तर तो कोणत्या काठीचा हे ठरवल्याशिवाय क्षेत्र काढता येत नाही. न्यूट्रॉनांच्या जुन्या नोंदींचे तेच आहे. न्यूट्रॉनने शरीरात सोडलेली ऊर्जा ही एक गोष्ट. ती गॅमाच्या तुलनेत किती घातक, हे ठरवणारा गुणक ही दुसरी. वेगवान न्यूट्रॉनांसाठी हा गुणक अनेक वर्षे १० धरला जात होता. १९८५ मध्ये पॅरिसला झालेल्या बैठकीनंतर आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने तो दुप्पट करावा असे सुचवले, आणि १९९० च्या शिफारशींत ऊर्जेनुसार ५ ते २० असे टप्पे आले. २००७ मध्ये टप्प्यांऐवजी सलग वक्ररेषा आली. एक मिलिग्रे वेगवान न्यूट्रॉन १९७५ च्या कागदावर १ रेम म्हणजे आजचे १० मिलिसिव्हर्ट; १९९५ च्या कागदावर त्याच माणसाचे, त्याच भट्टीवरचे, तेवढेच न्यूट्रॉन २० मिलिसिव्हर्टपर्यंत जाऊ शकतात. कारकीर्दीची बेरीज करताना या दोन ओळी एकाखाली एक मांडणे चूक आहे, आणि ती चूक करायला फार मोह होतो, कारण रकान्याचे नाव तेच असते.

मर्यादाही हलत गेली. १९५८ च्या सुमारास आयोगाने जन्मभराच्या बेरजेसाठी वयावर बेतलेले सूत्र दिले होते: वयातून १८ वजा करा, उरलेल्या वर्षांना ५ रेमने गुणा. भारतात अणुऊर्जा नियामक परिषद १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाली. तिने नव्वदच्या दशकापासून पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा ठेवली. आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका वर्षाची मुभा ५० होती. आपली परिषद तिथे जास्त कडक राहिली.

कागद अपुरे असताना मिश्र प्रारणाची मात्रा पुन्हा कशी उभी करतात, याचा सर्वांत तपशिलवार नमुना युगोस्लाव्हियातला आहे. ट्रॉम्बेच्या वाचकाला तो परका वाटू नये; तिथली भट्टी झर्लिनाच्याच घराण्यातली, जड पाणी आणि नैसर्गिक युरेनियम, शक्ती जवळजवळ शून्य. बेलग्रेडजवळच्या व्हिंचा संस्थेत १५ ऑक्टोबर १९५८ रोजी प्रयोग चालू असताना भट्टीची शक्ती नकळत चढत गेली. भोवती संरक्षक भिंत नव्हती. एकाला ओझोनचा वास आला तेव्हा लक्षात आले. सहा जण सापडले. पाच जणांना पॅरिसमध्ये अस्थिमज्जा दिली गेली, एक जण दगावला.

डॉक्टरांना आधी हे हवे होते की कोणाला किती. मापक आता शरीरच होते. न्यूट्रॉन रक्तातल्या साध्या सोडियमला सोडियम-२४ करतात, त्याचे अर्धायुष्य पंधरा तास. रक्ताच्या नमुन्यावरून न्यूट्रॉनांचा अंदाज येतो. अशा अपघातांत केसही उपयोगी पडतात: केसांतले गंधक फक्त वेगवान न्यूट्रॉनांनी फॉस्फरस-३२ होते, ते चौदा दिवसांनी निम्मे होते, म्हणजे घाई थोडी कमी. माणूस भट्टीकडे तोंड करून होता की पाठ, हेही डोक्याच्या कोणत्या बाजूचे केस जास्त सक्रिय यावरून कळते. पण गॅमांनी रक्तात अशी खूण ठेवलेली नसते.

म्हणून एप्रिल १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने आणि अमेरिकेतल्या ओक रिजच्या शास्त्रज्ञांच्या मदतीने तीच भट्टी त्याच मांडणीत, अगदी कमी शक्तीवर पुन्हा चालवली गेली. त्या दिवशी माणसे जिथे होती तिथे सोडियमचे द्रावण भरलेले प्लास्टिकचे पुतळे उभे केले. प्रत्येक जागी सोडियम-२४ च्या एका भागामागे किती न्यूट्रॉन आणि किती गॅमा, हे गुणोत्तर मोजले आणि त्याने १९५८ च्या रक्ताच्या नोंदींना गुणले. सहांपैकी सर्वांत कमी मात्रा सुमारे २ ग्रे आणि सर्वांत जास्त ४ ग्रेच्या पुढे निघाली. दोन वर्षांपूर्वीच्या अंदाजांपेक्षा हे आकडे अधिक भरवशाचे ठरले, कारण गॅमाची बाजू गृहीत न धरता मोजली होती. १९६२ मध्ये त्याचा अहवाल छापला. मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते ते हे की अपघातानंतरची रक्ताची वाचने कच्च्या स्वरूपात जपली होती. फक्त निष्कर्ष जपला असता तर गुणायला काही उरलेच नसते.

न्यूट्रॉनांच्या नोंदीसाठी भारतात नव्वदच्या दशकात एनटीए फिल्मऐवजी सीआर-३९ आले. हे प्लास्टिक चष्म्याच्या भिंगांतही वापरतात. त्यावर कण आपटला की अदृश्य जखम होते आणि कॉस्टिकच्या द्रावणात ठेवले की ती खड्ड्याएवढी मोठी होऊन दिसते. गॅमा त्याला दिसत नाहीत, म्हणून एकाची साक्ष दुसरा झाकत नाही. शंभर किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे न्यूट्रॉनही पकडले जातात, आणि खड्डे कायम राहतात, पुन्हा मोजता येतात. एकच पथ्य: हवेतल्या रेडॉनच्या अल्फा कणांनीही खड्डे पडतात, म्हणून पट्टी घट्ट मोहोरबंद पाकिटात ठेवावी लागते. ज्याला न्यूट्रॉनांचे काम, त्याच्या छातीवर म्हणून दोन बॅज.

आता हा प्रश्न ट्रॉम्बेपुरता राहिलेला नाही. कोल्हापूरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही कर्करोगावर लिनिअर ॲक्सिलरेटरने उपचार होतात. ६ मेगाव्होल्टच्या शलाकेत न्यूट्रॉन नसतात. १५ मेगाव्होल्टची शलाका यंत्राच्या डोक्यातल्या टंगस्टन-शिशातून न्यूट्रॉन उडवते, म्हणून अशा खोलीच्या दारात शिशाबरोबर बोरॉन मिसळलेले पॉलिथिन घालतात. बाहेर उभ्या तंत्रज्ञापर्यंत फार थोडे पोचते. पण त्याच्या तीन चकत्यांना ते थोडेही नीट दिसत नाही, आणि खोली कोणत्या ऊर्जेची हे नोंदीत नसेल तर पुढच्या माणसाला रिकाम्या रकान्याचा अर्थ लावता येणार नाही. १९९६ च्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकांप्रमाणे कामगाराची मात्रानोंद तो ७५ वर्षांचा होईपर्यंत आणि काम सोडल्यापासून निदान ३० वर्षे ठेवायची असते. आज पंचविशीत कामाला लागणाऱ्याचा कागद आणखी अर्धशतक तरी वाचला जायचा आहे. त्यात तिन्ही चकत्यांची मूळ वाचने, शलाकेची ऊर्जा आणि त्या वर्षी वापरलेला न्यूट्रॉनचा गुणक एवढे तरी लिहून ठेवायला हवे.